सावित्रीच्या वर आणि खाली

माझं माहेर पोलादपूर तालुक्यातलं, सासर महाड शहरात. परदेशातले नातेवाईक जर्मनी बरी की नेदरलँड्स यावर तासन्‌तास बोलतात. माझी तुलना वीसेक किलोमीटरांत आटोपते, तरी ऐकायला कुणी थांबत नाही.

१. गाव कुठलं बरं, ते महिना पाहून सांगावं. ऑक्टोबरात विचाराल तर पोलादपूर: हवा स्वच्छ, भात कापणीला आलेलं, ओढे वाहते. मे महिन्यात मात्र विचारू नका. पावसाळाभर झोडपून निघालेल्या वाड्या तेव्हा टँकरची वाट बघत असतात. उतारावर पाणी थांबतच नाही.

२. ते न थांबलेलं पाणी महाडला आमच्या दारात येतं. सावित्री नदी महाबळेश्वरहून निघते, पोलादपूर करून महाडला पोचते. त्यात खाडीला भरती असली की पूर हटत नाही. मग बाजारपेठेतला माल फळीवरून माळ्यावर, माळ्यावरून वरच्या मजल्यावर चढतो. जुलैत मी माहेरी फोन लावते ते आधी "किती पडतोय?" विचारायला. आईची तब्येत नंतर.

३. भीती दोन्हीकडे आहे. सासरी नजर खाली पायरीवर, माहेरी वर डोंगराकडे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्यात होतं तेव्हाच पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. आणि दरडीखाली गेलेलं तळिये तर महाड तालुक्यातलंच. तेव्हापासून "आमच्याकडे बरं" हे शब्द तोंडातून निघत नाहीत.

४. सोयींच्या यादीवरून जगणं कळत नाही. चवदार तळं महाडात होतंच. १९२४ मध्ये नगरपालिकेने ते सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला. तरी अस्पृश्य मानलेल्यांना तिथलं पाणी घेता यावं म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह तिथवर चालत जावं लागलं, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणून कुणी "आमच्या गावात सगळं आहे" म्हणालं, की माझ्या मनात येतं, कुणाला?

५. तरुणांनी हा वादच निकालात काढलाय. भावाचा मुलगा पोलादपूरहून बाइकने बिरवाडीच्या एमआयडीसीत शिफ्टला येतो आणि केमिकलचा वास कपड्यांत घेऊन घरी जातो. "कुठे बरं वाटतं रे?" म्हटलं, तर म्हणाला, "आत्या, पगार इथे, झोप तिथे." "आणि मजा?" "त्याला सुट्टी लागते."