हातांचे दान



आत्मा श्रेष्ठ, हात दुय्यम, असे आपण सहज मानतो. इंग्लंडच्या संत डन्स्टन यांनी तसे मानले नाही. दहाव्या शतकातील हे मठवासी धातुकाम करीत. एका स्त्रीच्या विनंतीवरून त्यांनी स्टोलवरील भरतकामाची नक्षी काढून दिली. ती पुढे सोने व रत्नांनी सजवायची होती. हेच डन्स्टन पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. १९ मे ९८८ रोजी ते निवर्तले. सोनारांचे ते आश्रयदाते संत आहेत.

निर्गम ३५:३०-३५ वाचू या. सोन्याचे काम, रत्नांची जडणघडण, भरतकाम ही सारी देवाने दिलेली कौशल्ये आहेत. मग वेदीची वस्त्रे शिवणाऱ्या आपल्या भगिनींना आपण कोणता मान देतो?