एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात

दुष्काळपीडितांस साहाय्य करणारे सद्गृहस्थ वारंवार प्रश्न करितात की, एकीकडे नद्या दुथडी भरून समुद्रास मिळत असता दुसरीकडे गावेच्या गावे तहानलेली का राहावीत? प्रश्न रास्त आहे. परंतु पाणी वाहून नेणे निराळे आणि पाण्याचा ओघ वळविणे निराळे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे देणगीदाराच्या पैशाचे चीज होत नाही.

सन २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी नेण्यास आरंभ झाला. पहिल्या गाडीस १० वाघिणी होत्या. पुढे ५० झाल्या व एका खेपेस २५ लक्ष लिटर पाणी जाऊ लागले. आकडा डोळ्यांत भरण्यासारखा खरा. पण २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे त्या शहराची वस्ती पावणेचार लक्षांहून अधिक, तेव्हा माणशी सुमारे साडेसहा लिटर पडले. तेवढ्यानेही जीव तगतो, हे खरे. शेतीचा हिशेब मात्र विचारूच नये. एका एकरास चार इंच पाण्याची एक पाळी द्यावयाची तर सुमारे चार लक्ष लिटर लागतात. सबंध गाडी रिती केली तरी सहा एकर भिजतील. पेढी चालविणारांस याहून अधिक सांगणे नलगे.

ओघ वळविण्याचे जुने उदाहरण दक्षिणेत आहे. पेरियार नदी त्रावणकोरच्या डोंगरांतून पश्चिमेस वाहते. पूर्वेकडील मदुरा जिल्हा कोरडा. कर्नल पेनिक्विक यांच्या देखरेखीखाली १८९५ साली धरण पुरे झाले आणि डोंगरातील बोगद्यावाटे ते पाणी वैगै नदीच्या खोऱ्यात उतरले. स्थापत्याची ती कीर्ती सर्वश्रुत आहे. आमचे लक्ष, धंद्याच्या सवयीने म्हणा, दस्ताकडे जाते. २९ ऑक्टोबर १८८६ चा तो भाडेपट्टा ९९९ वर्षांचा. ८,००० एकरांस दर एकरी ५ रुपये, म्हणजे सालिना ४०,००० रुपये. भाडे ठरले ते जमिनीचे. पाण्यास निराळे मोल नव्हते. १९७० साली एकरी ३० रुपये करणे भाग पडले, आणि धरणात पाणी किती उंचीपर्यंत राखावे या वादात सर्वोच्च न्यायालयास २००६ व २०१४ साली निर्णय द्यावे लागले. डोंगर फोडण्यास काही वर्षे पुरली. दस्तातील उणीव शतकाहून अधिक काळ पुरली आहे.

आपल्याकडे तर उलटाच प्रकार. कोयनेचे जे पाणी स्वभावतः कृष्णेतून पूर्वेस गेले असते, त्यातील मोठा भाग विजेकरिता सह्याद्रीतून पश्चिमेस उतरून वाशिष्ठीवाटे समुद्रास मिळतो. वीज आपणां सर्वांसच हवी. दोष कोणास द्यावा?

तेव्हा आपल्या भागात कालव्याची गोष्ट निघेल तेव्हा ज्यांच्या शिवारातून पाट जावयाचा व ज्यांचे पाणी उचलावयाचे, त्यांचा मोबदला मुदतीगणिक वाढता असा आरंभीच लेखी ठरविण्याचा आग्रह जमीनदार मंडळींनी धरावा. कालव्यास वर्षे लागतील. तोवर गावची विहीर व गावचा तलाव हाच आधार. सबब पिण्याच्या पाण्याची वाहतूक आणि विहिरी-तलावांतील गाळ काढणे यांकरिता समितीने दोन निरनिराळी खाती ठेविली आहेत. आपली देणगी कोणत्या खात्यास जमा करावी, हे रक्कम पाठविताना कृपा करून कळवावे.