गर्भ रुजावा म्हणून स्टेरॉइड?

प्रश्न : वय ३४. चांगले गर्भ सोडूनही तीनदा आयव्हीएफ फसलं. आता डॉक्टर प्रेडनिसोन या स्टेरॉइडच्या गोळ्या सुचवतात. घेऊ का?

उत्तर : केवळ आयव्हीएफ फसलं म्हणून देत असतील, तर घेऊ नका, असंच मी सांगेन. चीनमध्ये अशाच ७१५ स्त्रियांपैकी काहींना रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोन, तर इतरांना औषध नसलेली तशीच गोळी दिली गेली. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सुमारे ३८ टक्के! उलट प्रेडनिसोन घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त झाली. म्हणजे औषधाविनाही तिघींतल्या एकीहून अधिक जणींना बाळ झालं, हे विसरू नका.

गर्भ रुजावा म्हणून दिल्या जाणाऱ्या इंट्रालिपिड या स्निग्ध द्रावणाच्या सलाइनलाही भक्कम आधार नाही. त्यापेक्षा थायरॉइड, गर्भाशयाचं अस्तर आणि अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीज तपासून घ्या. या अँटिबॉडीज १२ आठवड्यांनी पुन्हा तपासूनही आढळल्या, तर अ‍ॅस्पिरिन-हेपॅरिनबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. दमा, संधिवातासाठी स्टेरॉइड चालू असेल, तर मात्र ते परस्पर थांबवू नका.