राऊटर मशीन घेण्यापूर्वी हिशेब मांडा

जाळी, नक्षीचे पॅनेल, पलंगाची पाठ, रेहल, नावाच्या पाट्या ही कामे पूर्वी पटाशी-हातोडीनेच होत. आता सीएनसी राऊटर तीच कामे करतो. संगणकात नक्षी भरली की फिरते कटर ती लाकडावर कोरते. मीरा-भाईंदरच्या छोट्या कारागिरालाही आपल्या गाळ्यात असे मशीन असावे असे वाटणे साहजिक आहे. आमचा धंदा कापडाचा. पण भांडवल गुंतवण्याचा कायदा सगळीकडे एकच. भिवंडीत माग घेणारा आधी पन्हा विचारतो, मग भाव. येथेही तसेच करावे.

१) आकार : प्लायवूड व एमडीएफचा पूर्ण तख्ता ८ बाय ४ फुटांचा असतो. दरवाजे व मोठी जाळी करणाऱ्यास तेवढे टेबल हवे. पाट्या, पेट्या, छोटे पॅनेल यांना २ बाय ३ फुटांचे पुरते आणि जागाही वाचते.

२) मोटर : कटर फिरवणाऱ्या मोटरला स्पिंडल म्हणतात. २.२ किलोवॅटचे स्पिंडल सिंगल फेजवर मिळते व सागावरील नक्षीला पुरते. मोठ्या मशीनला बहुधा थ्री फेज लागते. गाळ्याच्या मीटरवर किती लोड मंजूर आहे ते आधी पाहावे.

३) बांधणी : गोल दांड्यांवर सरकणारे मशीन स्वस्त पडते, पण कठीण लाकडात थरथरते. चौकोनी लिनियर गाईड व बॉल स्क्रूचे घ्यावे. आपल्याकडे खाडी व मिठागरे जवळ. खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो. रोज पुसून तेल द्यावे.

४) वरखर्च : कटर, धूळ ओढणारे यंत्र, संगणक, शिकवणी व जीएसटी धरूनच किंमत काढावी. आर्टकॅम हे सॉफ्टवेअर ऑटोडेस्क कंपनीने २०१८ मध्ये विकणे बंद केले. त्याची चोरटी प्रत कोणी फुकट देऊ केली तरी घेऊ नये.

आता हिशेब. समजा, सगळे मिळून ३ लाख रुपये लागले. ते ५ वर्षांत वसूल करायचे तर महिन्याला ५ हजार, म्हणजे २५ दिवसांच्या महिन्यात रोजचे २०० रुपये झाले. त्यावर ऑपरेटरचा पगार, वीज, कटर आणि भाडे. एवढे काम रोज हातात आहे काय?

आमचा सल्ला असा की, सहा महिने कटिंग बाहेरून जॉब-वर्कने करून घ्यावे आणि त्याची बिले वेगळ्या वहीत लिहावीत. ही रक्कम मशीनच्या मासिक खर्चाहून सतत जास्त भरू लागली तरच सौदा करावा. बयाणा देण्यापूर्वी आपले लाकूड, आपली नक्षी नेऊन समोर चालवून पाहावी. सुटे भाग कोठे मिळतात आणि बिघाड झाल्यास मिस्त्री किती दिवसांत येतो, हे लेखी घ्यावे.

आणि जुन्या कारागिराला रजा देऊ नये. मशीन कोरते, पण आतले बारीक कोपरे गोलच सोडते. ते पटाशीने काढणारा हातच मालाला भाव मिळवून देतो.