बारीक बुडबुड्यांचा हिशोब

सांडपाणी म्हणजे नगरपालिकेचे काम, असे आम्हा कापडवाल्यांना वाटते. पण रंगखात्याचे साबणपाणीही गटारातूनच जाते. म्हणून हा धडा आपलाही आहे.

सांडपाणी शुद्ध करण्याची आजची प्रचलित पद्धत १९१४ साली मँचेस्टर या कापडाच्याच शहरात आर्डर्न व लॉकेट यांनी मांडली. टाकीत हवा सोडायची. हवेतील प्राणवायूवर जिवाणू वाढतात आणि घाण खातात. शुद्धीकरण केंद्राची साधारण निम्मी वीज या हवेवरच खर्च होते. त्यात साबण मिसळला की प्राणवायू पाण्यात विरघळण्याचा वेग मंदावतो.

नेहमीचा २ मिलिमीटरचा बुडबुडा काही सेकंदांत वर येऊन फुटतो. बराच प्राणवायू फुकट जातो. नॅनो बुडबुडा साधारण २०० नॅनोमीटरचा, म्हणजे व्यासाने १०,००० पट लहान. तेवढ्याच हवेचे असे बुडबुडे केले, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग १०,००० पट वाढतो. घडी घातलेले ओले थान वाळत नाही, पसरले की वाळते, तसेच हे. शिवाय हा बुडबुडा पाण्यातच रेंगाळतो.

मात्र हे बुडबुडे करायलाही पंप व वीज लागते. नुसत्या हवेने पाण्यातले मीठ जात नाही, पक्का रंगही सहसा जात नाही. तेव्हा यंत्र विकणाऱ्याला आपण विचारावे: एक किलो प्राणवायू विरघळवायला किती युनिट लागतात? आधी आपल्याच पाण्यावर चाचणी, मग मीटरचे आकडे, शेवटी सौदा.