कंबरदुखी : शेक, मशीन की व्यायाम?

आपल्या भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे धानाच्या रोवणीचे दिवस. बांधीतल्या चिखलात वाकून पऱ्हे लावायचे आणि मागे मागे सरकायचे, असे दिवसभर. रोवणी संपते, पण कितीतरी बायांची कंबर दुखतच राहते. दुखणे तीन महिन्यांच्या वर टिकले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. अशा दुखण्यावर ऑपरेशन किंवा इंजेक्शनशिवाय जे उपचार आहेत, त्यांच्यामागचे विज्ञान आपण पाहू या.

आधी थोडे मेकॅनिक्स

समजा, बाईचे वजन ५० किलो आहे. कंबरेच्या वरचा भाग साधारण निम्मा, म्हणजे २५० न्यूटन. वाकल्यावर त्याचा गुरुत्वमध्य कंबरेच्या मणक्यापासून ३० सेंमी पुढे गेला, तर मोमेंट होतो ७५ न्यूटन-मीटर. तो तोलणाऱ्या पाठीच्या स्नायूंचा लिव्हर आर्म जेमतेम ५ सेंमी. म्हणजे स्नायूंवर ताण १५०० न्यूटन, जवळपास १५० किलोचा! हिशेब ढोबळ आहे, पण कंबर का भरून येते ते यावरून कळतं.

शेक

गरम पाण्याच्या पिशवीने रक्तपुरवठा वाढतो आणि आखडलेले स्नायू सैल होतात. १५-२० मिनिटे पुरे. आराम मिळतो, पण तो काही तासांचाच.

टेन्स आणि आयएफटी

टेन्स हे बॅटरीवर चालणारे छोटे पल्स जनरेटर. कातडीवर पॅड चिकटवून साधारण १०० हर्ट्झचे बारीक करंट देतात. यामागे मेल्झॅक आणि वॉल यांची १९६५ची 'गेट कंट्रोल' थिअरी आहे. स्पर्शाचे सिग्नल जाड तंतूंमधून जातात, दुखण्याचे बारीक तंतूंमधून. जाड तंतू जागे झाले की मज्जारज्जूतले 'गेट' दुखण्यासाठी अर्धवट बंद होते. कोपर आपटल्यावर आपण ते चोळतो, तेव्हा हेच होते.

आयएफटीमध्ये फिजिक्समधले बीट्स आहेत. ४००० आणि ४१०० हर्ट्झचे दोन करंट शरीरात एकमेकांना छेदतात आणि तिथे १०० हर्ट्झचा बीट तयार होतो. जास्त फ्रिक्वेन्सीला कातडीचा इम्पिडन्स कमी असतो, म्हणून टोचल्यासारखे कमी वाटते. पेसमेकर असलेल्यांनी मात्र ही मशीन्स टाळावीत.

मग खरं काम कशाने होतं?

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात टेन्स, अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि कंबरेचा पट्टा सरसकट वापरू नये असे सुचवले आहे. कारण फायद्याचा पुरावा कमी पडतो. पसंती आहे ती रुग्णाला नीट समजावून सांगण्याला आणि ठरवून केलेल्या व्यायामाला. मालिशही चालते.

म्हणजे मजुरीचे पैसे साठवून पट्टा किंवा मशीन घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेणे जास्त शहाणपणाचे. उदाहरणार्थ, पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर हळूच उचलायची. शिवाय रोज चालायचे. स्नायूंची ताकद वाढते आणि 'हललो तर मोडेल' ही भीती जाते. महिनाभर पलंगावर पडून राहिलं तर उलट ताकद जाते. शेक घ्यावा, पण व्यायाम करता यावा म्हणून.

मात्र पाय बधिर किंवा कमजोर होणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे, सोबत ताप किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय सोडून ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

आपले काम

वरचा हिशेब पुन्हा बघा. उपचाराने ते ३० सेंमी कमी होत नाहीत. रोवणी यंत्र आणि उभ्याने चालवायचा कोनोवीडर यांनी होतात. पण आपल्याकडच्या लहान बांध्यांत वळणारे, स्वस्त आणि बायांना सहज पेलणारे यंत्र हवे. मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? मग एकदा बांधीवर जाऊन या.