नव्या लेआउटसाठी पावसाळी पाण्याचा आराखडा: त्यात काय असावे लागते?

बिनशेती लेआउटमधील पावसाळी पाण्याच्या आराखड्याची सुरुवात जमिनीच्या उतारापासून होते. समोच्च रेषांच्या नकाशावर फक्त आपल्या हद्दीतले पाणी दाखवून भागत नाही. वरच्या शेतांतून उतरणारे पाणी आणि ओढेही त्यात यावे लागतात. बहुधा नेमके हेच गाळले जाते.

मग हिशेब. हेक्टरमधील क्षेत्र, तासाला मिलिमीटरमध्ये पावसाची तीव्रता आणि पृष्ठभागाचा गुणांक (पडलेल्या पावसाचा किती भाग वाहून जातो ते) यांच्या गुणाकाराला ३६० ने भागले की प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये मिळतो. एक हेक्टर मोकळ्या रानाचा गुणांक ०.३ धरला, तर ५० मिमी तीव्रतेला सेकंदाला सुमारे ४२ लिटर पाणी निघते. तीच जमीन छपरे, डांबर आणि फरशीखाली जाऊन गुणांक ०.९ झाला, की १२५ लिटर! तीव्रता किती धरायची, हाही प्रश्नच: मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिमी धरून बांधलेल्या होत्या. त्या सुधारण्याच्या ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ५० मिमी धरले गेले. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. एवढे पाणी कुठल्याच गटारात मावत नाही, म्हणून रस्त्यांच्या व जोत्यांच्या पातळ्याही आराखड्यात हव्यात.

वाहिन्यांचे व्यास, उतार, चेंबरच्या तळपातळ्या हे ओघाने येतेच. सांडपाण्याची वाहिनी वेगळी ठेवायची. खरी मेख पावसाळी वाहिनीच्या शेवटच्या तोंडाशी असते: ते नाल्याच्या पूरपातळीखाली राहिले, तर भर पावसात नाल्याचेच पाणी उलटे लेआउटमध्ये शिरते.